झोप कुणाला लागते?



माझ्या मायच्या उशाशी एक गाठोडं असतं. १९७८ च्या पावसाळ्यापासून आहे. बांधायचं लुगडं विरलं की दुसरं येतं, गाठोडं तेच. आत रेशनकार्ड, आमच्या शाळेचे दाखले, काडेपेटी, मिठाची पुडी, एक चादर, बाबासाहेबांचा पोस्टकार्डाएवढा फोटो. अलीकडं त्यात आधारकार्डाची झेरॉक्स आली. दिवेलागण झाली की माय गाठ सोडते, सगळं जागच्या जागी आहे का बघते, परत बांधते. मग दाराची कडी. मग पाण्याची घागर दाराजवळ. मग भिंतीला पाठ लावून बसते. आडवी होत नाही. पहाटं दूधवाल्याची मोटरसायकल फटफटली की तिचा डोळा लागतो, तो तास-दीड तास.

आता आमचं घर स्लॅबचं आहे, घरकुलातलं. मी एकदा म्हणालो, माय, स्लॅब जळत नसतो. ती म्हणाली, "दार तर लाकडाचंच हाय ना, बापा."

या एका वाक्यानं मला कोड्यात टाकलंय. माझी माय आजारी आहे, की या गावात तीच एक शुद्धीवर आहे? हा प्रश्न घरगुती म्हणून बाजूला सारू नका. भय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय यावर मोठमोठ्या पंडितांनी रकानेच्या रकाने भरलेत. ते सगळं दाराला कडी लावून, पोटभर झोप झाल्यावर लिहिलेलं. मला न झोपलेल्या माणसाच्या बाजूनं विचार करायचाय.

जे त्या वेळी जन्मले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. आणि मराठवाडा पेटला. तेव्हाचे पाच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. गावोगावचे बौद्धवाडे जाळले, विहिरी नासवल्या, बायांची अब्रू घेतली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला मारून जाळलं. हजारो माणसं रानात, डोंगरात, शहराच्या शाळांत जाऊन राहिली. नाव शेवटी १४ जानेवारी १९९४ ला लागलं. तेही नामांतर नाही, नामविस्तार. साडेपंधरा वर्षं आणि मध्ये एक हायफन घातल्यासारखा 'मराठवाडा'.

मुंबईत विद्यापीठाचं नाव ठरलं आणि जळालं आमचं छप्पर. आमच्या वाड्यात तेव्हा मॅट्रिक पास झालेला एक माणूस होता. एक! विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे बाकीच्यांना माहीत नव्हतं. पण जाळणाऱ्यांना बरोबर माहीत होतं की नाव कुणाचं आणि घरं कुणाची.

मी नऊ वर्षांचा होतो. अमावस्या जवळ आलेली, पाऊस रिपरिप. आले ते अनोळखी नव्हते, हे नीट लक्षात घ्या. शहरात बॉम्ब फुटतो तेव्हा फोडणाऱ्याचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो. आमच्याकडं चेहरे होते, नावं होती, त्यांच्या खळ्यावर मायनं सुगी केलेली होती, त्यांच्या घरच्या बाळंतिणींना शेकलं होतं. रॉकेलचा बोळा ज्यानं आमच्या छपरावर फेकला त्याला मी 'मालक' म्हणायचो. आम्ही कमरेएवढ्या ज्वारीत पडून राहिलो, चाळीसेक माणसं. एवढंच सांगतो. बाकीचं पुढं येईल तेव्हा येईल.

बा त्यावर कधीच बोलला नाही. रॉकेलचा वास आला की जेवणाच्या ताटावरून उठायचा. त्यामुळं आमच्या घरात स्टोव्ह आलाच नाही. गॅस येईपर्यंत माय लाकडावर फुंकत राहिली. बा नांदेडला हमालीला गेला आणि तिथंच संपला. त्याच्या मरणाच्या दाखल्यावर कारण लिहिलंय ते छातीचं.

आता दवाखान्याची गोष्ट. तीन वर्षांमागं मायची तब्येत फार उतरली म्हणून मी तिला एका सरकारी दवाखान्यात, डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीण तरुण होती. मी मनात लढाईची तयारी करून गेलो होतो, पण बाई चांगली निघाली. तिनं खुर्ची पुढं ओढली, मायला घाई केली नाही, अर्धा-पाऊण तास ऐकलं. मग मला बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं. इंग्रजीत चार अक्षरं, पीटीएसडी. आपल्या मराठी शास्त्रीबुवांनी त्याचं 'आघातोत्तर ताणविकार' केलंय. शब्द उच्चारतानाच दातखीळ बसते. घाव बसून गेल्यावर मागं उरतो तो ताण, असा अर्थ. घडलेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येणं, नुसतं आठवणं नाही, पुन्हा घडत असल्यासारखं. झोप उडणं, दचकणं, सारखं सावध असणं. ती जागा, तो वास टाळणं. मन बधिर होणं, आनंदाला हात न पोचणं. मी ऐकत गेलो आणि डोळ्यांपुढून माय गेली, बा गेला, वाड्यातली निम्मी माणसं गेली. आमच्या वाड्याचं वर्णन कुणा परक्यानं लिहून ठेवलं होतं.

मग ती मायकडं वळून म्हणाली, "आजी, ते आता होऊन गेलंय. किती वर्षं झाली. आता कुणी येणार नाही."

माय म्हणाली, "ते मेले का?"

डॉक्टरीण गप्प झाली.

दोस्तांनो, मी परतल्यावर या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या रोगांच्या अधिकृत पुस्तकात हे नाव पहिल्यांदा घातलं. आपोआप नाही घातलं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक रात्री किंचाळत उठत होते, दारूत बुडत होते, आणि सरकार म्हणत होतं की यांच्यात मुळातच खोट आहे. त्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी भांडून हे नाव मिळवलं. म्हणजे रोगाच्या नावालाही नामांतराची लढाई लागते! नाव मिळालं आणि निदान एवढं मान्य झालं की खोट माणसात नव्हती, त्याच्यावर जे गुदरलं त्यात होती. हा विजय छोटा नाही. आपल्यातले काही जहाल मित्र म्हणतात, हे सगळं भांडवली देशांचं खूळ आहे, रस्त्यावरचा अन्याय कवटीत कोंडायची युक्ती आहे. त्यांना माझं म्हणणं, तुम्ही एक रात्र माझ्या मायजवळ बसा आणि मग सांगा.

पण ते जे म्हणतात त्यात दाणा आहे, तोही टाकू नका. १९८० च्या त्या पुस्तकात असं होतं की हा रोग व्हायला घटना कशी हवी, तर नेहमीच्या मानवी अनुभवाच्या पलीकडची. मी या ओळीवर थांबलो. कुणाच्या नेहमीच्या? कुठल्या मानवाच्या? तामिळनाडूत किळवेण्मणीला १९६८ च्या नाताळात ४४ माणसं झोपडीत कोंडून जाळली, त्यात बहुतेक बायका-पोरं. १९७४ ला वरळी. १९७८ ला आम्ही. १९९७ ला रमाबाईनगर. २००६ ला खैरलांजी. हा अनुभव आमच्यासाठी 'पलीकडचा' कधी होता? गावकुसाच्या पलीकडचा होता, एवढंच! पुढं तज्ज्ञांना स्वतःलाच ती अट टिकेना. १९९४ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. योगायोग बघा, विद्यापीठाची पाटीही त्याच साली बदलली.

आणि दुसरा शब्द, 'उत्तर'. घावानंतर. नंतर म्हणजे कधीनंतर? व्हिएतनामचा सैनिक विमानात बसून हजारो मैल लांब, स्वतःच्या घरी आला. युद्ध तिकडं राहिलं, त्याच्या डोक्यात राहिलं. तेव्हा त्याला म्हणता येतं, बाबा रे, तू आता घरी आहेस. माझी माय कुठून परतली? ती त्याच गावात आहे, त्याच वाटेनं पाण्याला जाते. बोळा फेकणारा आता म्हातारा झालाय, पोरांनी खतांचं दुकान टाकलंय, तो गल्ल्यावर बसतो. मी युरियाचं पोतं घ्यायला जातो तेव्हा आपुलकीनं विचारतो, "तुझी म्हातारी बरी हाय का रं?" मी म्हणतो, बरी आहे. दुसरं काय म्हणू? उधारी असते.

म्हणून माय विचारते ते मेले का. तिचा प्रश्न वेडाचा नाही, हिशेबाचा आहे. धोका डोक्यात असेल तर भीती हा रोग. धोका गल्ल्यावर बसलेला असेल तर भीती ही माहिती. आता अडचण अशी की मायच्या बाबतीत दोन्ही खरं आहे. आज रात्री कुणी येणार नाही हे मी जवळजवळ खात्रीनं सांगू शकतो. त्या 'जवळजवळ'वर ती रात्रभर बसते. आणि त्या बसण्यानं तिची हाडं झिजली, डोळे गेले, आनंद गेला. तिची माहिती खरी आहे आणि ती माहिती तिला खातेय.

आपल्यातले काहीजण इथं धम्माकडं बोट दाखवतील. मीही दाखवलं होतं. मायला किसा गोतमीची गोष्ट सांगितली होती. मेलेलं लेकरू घेऊन फिरणारी बाई, तथागत म्हणतात ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरून मोहरी आण. ती दारोदार हिंडते, असं घर मिळत नाही, आणि मरण सगळ्यांचंच आहे हे तिला उमगतं. माय मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "मला गावात मोहरी मिळंल की रे."

मी उडालोच. खरंच आहे. माय त्या गावात दारोदार गेली आणि विचारलं की ज्या घरावर बोळा पडला नाही त्या घरची मूठभर मोहरी द्या, तर पाटलाच्या गल्लीत पोत्यानं मिळेल. मरण सगळ्यांना असतं. जाळलं जाणं सगळ्यांना नसतं. जे दुःख सगळ्यांचं असतं त्यावर 'सगळ्यांचंच असतं' हे औषध चालतं. जे दुःख मोजून, निवडून, जात बघून एका बाजूच्या घरांवर टाकलं जातं त्याला हे औषध लावलं तर ते विष होतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांबद्दलच शंका उभी केली, आणि माणसाचं दारिद्र्य-दैन्य मागल्या जन्मीच्या कर्मावर ढकलणाऱ्या सिद्धांताला धम्मात जागा ठेवली नाही, ते मला पुस्तकात वाचून समजलं नव्हतं. मायच्या मोहरीनं समजलं.

बाबासाहेबांचंच आणखी एक सांगायचंय, कारण आपल्यात एक खोड आहे. आपल्या पोरांना वाटतं, भीती वाटणं म्हणजे चळवळीला काळिमा. वाघाची पिल्लं, रडत नसतात, वगैरे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची छोटी वही १९९० साली पुस्तिका म्हणून छापली गेली. त्यात बडोद्याचा प्रसंग आहे. परदेशात शिकून आलेला माणूस, संस्थानच्या नोकरीला आलेला, राहायला जागा नाही म्हणून पारशांच्या पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात. जागा सोडावी लागली. मग बागेत जाऊन बसले, मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत. हे सगळं आपण भाषणात सांगतो. पुढचं सांगत नाही. ते लिहितात की अठरा वर्षं झाली तरी ते दृश्य पुसलं गेलं नाही, आजही जसंच्या तसं दिसतं, आणि डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही. काठ्यांपुढं आपण घाबरून दयेची याचना करत उभे होतो हेही त्यांनी लपवलं नाही. महाडचं तळं पेटवून झालं होतं, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, तरी ते दृश्य तिथंच उभं. आता सांगा, त्यांना भित्रं म्हणणार? की दवाखान्यात नेणार? ती आठवण त्यांनी विसरली नाही आणि आवरलीही नाही, लिहून ठेवली. मात्र घाई करू नका. 'म्हणजे घाव हीच ताकद' असलं घोषवाक्य मी करणार नाही. बाबासाहेब लिहू शकत होते. बा लिहू शकत नव्हता. घावानं बाला काही दिलं नाही, फक्त घेतलं.

फ्रान्झ फॅनन तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. मार्टिनिकचा काळा माणूस, धंद्यानं मनोविकारतज्ज्ञ, १९५३ पासून अल्जीरियातल्या ब्लिदाच्या इस्पितळात. १९६१ च्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात वसाहतीच्या युद्धानं बिघडलेल्या माणसांच्या केसेस आहेत. एक युरोपियन पोलीस त्याच्याकडं येतो. कैद्यांचा छळ करून माहिती काढणं हे त्याचं रोजचं काम. घरी जातो आणि बायको-पोरांना मारतो, झोप नाही. फॅननला तो काय मागतो? कामाची टोचणी न लागता, शांत चित्तानं छळ करता येईल असं मला बरं करून द्या!

त्याच पुस्तकातली दुसरी एक केस अशी आहे की एक दिवस असाच दुसरा एक पोलीस इस्पितळाच्या आवारात झाडाला धरून घामाघूम उभा सापडला. त्यानं छळलेला एक अल्जीरियन तिथंच पेशंट होता, तो त्याला समोर दिसला. आणि तो पेशंट? तो सापडेना. शोधलं तर एका संडासात जीव द्यायच्या बेतात मिळाला. त्याला वाटलं, पोलीस आपल्याला परत न्यायला आलाय. तुला भास झाला, तो पोलीस इथं नव्हताच, अशी त्याची समजूत घालावी लागली. माझ्या डॉक्टरीणबाईनं मायला सांगितलं त्याचीच ही बहीण. फॅननसारखा माणूसही दुसरं काही करू शकला नाही, कारण इस्पितळ एकच होतं. आमचं गाव एकच आहे तसं.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, त्या पोलिसाचा हेवा वाटला. निदान त्याची झोप गेली होती! आमच्या गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला मी चाळीसवर वर्षं बघतोय, दुपारी दुकानातच घोरतो. त्याला कोण टोचणार? त्याच्या धर्मानं, गावानं, जातीनं त्याला आधीच सांगून ठेवलंय की काही वाईट घडलेलं नाही. ज्याची झोप उडाली त्याच्यासाठी रोगांच्या पुस्तकात नाव आहे. चाळीस माणसांना ज्वारीत पाठवून जो झोपतो त्याच्यासाठी नाव नाही. माझ्या मते नैतिक प्रश्न इथं आहे. जागणाऱ्याला कसं झोपवायचं हा वैद्यकाचा प्रश्न झाला. हा झोपलाच कसा, हा कुणाचा?

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो.

१९९३ च्या भीमजयंतीला मी चोवीस वर्षांचा कार्यकर्ता होतो. नामांतराचं वातावरण तापलेलं. मी मायला स्टेजवर उभं केलं. तिनं सांगितलं, लोक रडले, घोषणा झाल्या. मला काय अभिमान वाटला! मग आणखी दोन ठिकाणी नेली. चौथ्या ठिकाणी ती माईकसमोर उभी राहिली आणि तोंडातून शब्द निघेना. हजार-बाराशे माणसं. मी मागून हळूच म्हणालो, "माय, ज्वारीचं सांग." मी, तिच्या पोटचा, तिला आठवण करून देत होतो! ती तिथंच पदर डोक्यावर ओढून खाली बसली. घरी येताना एसटीत एक शब्द बोलली नाही. त्यानंतर महिनाभर रात्री उठून आम्हा पोरांची तोंडं चाचपायची.

तोंडं का, ते मला तीस वर्षांनी दवाखान्यात कळलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त काय येतं? मला वाटलं आग म्हणेल. माय म्हणाली, "धाकट्याचं तोंड." माझा भाऊ तेव्हा सहा महिन्यांचा. ज्वारीत तो रडायला लागला, बॅटऱ्या घेऊन माणसं बांधावरून फिरत होती. मायनं त्याच्या तोंडावर हात दाबला. "निळा पडला व्हता. मला वाटलं गेला. तरी मी हात काढला न्हाई. चाळीस माणसं व्हती बाई." हे तिनं स्टेजवर एकदाही सांगितलं नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवत होतो ती आगीची गोष्ट होती. तिची गोष्ट हाताची होती. भाऊ जगला, पुण्याकडं कंपनीत आहे, त्याला दोन मुली आहेत. त्या मुलींना माय कधी मांडीवर घेऊन झोपवत नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे कोडं म्हणून घालतात, म्हणे. माणसं लपलीत, शत्रू जवळ आहे, मूल रडतंय, आईनं काय करावं? पोरं वही काढून बाजू मांडतात. कोडं घालणारा एवढीच हुशारी करतो की सुरुवात शेतातून करतो. रॉकेलच्या बोळ्यापासून सुरुवात केली तर कोडं उरत नाही, आरोपी उरतो. मायच्या मनानंही तेच केलंय, सुरुवात शेतातून केलीय. जाळणाऱ्यानं छप्पर जाळलं आणि अपराध तिच्या पदरात बांधून गेला. तो ती गाठोड्यासारखा रोज सोडते, बघते, बांधते.

कायद्याकडं बघितलं तर पंचनाम्याला भांडी कळतात, धान्य कळतं, कोंबड्या कळतात. आमच्या पंचनाम्यात दोन शेळ्या होत्या. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, आमची रात्र त्याच्या अकरा वर्षं आधीची. २०१५ च्या दुरुस्तीनं पीडितांना, साक्षीदारांना हक्क दिले, संरक्षण, प्रवासखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन. चांगलं झालं, भांडून घ्या, एक रुपया सोडू नका. पण मदत टप्प्याटप्प्यानं मिळते, तक्रारीला काही, आरोपपत्राला काही, निकालाला काही. म्हणजे निकालापर्यंत माणसानं तेच तेच सांगत राहायचं. त्यात आपली सत्यशोधन समिती वेगळी, पत्रकार वेगळे, आता मोबाईल घेऊन येणारे वेगळे. भैयालाल भोतमांगे २९ सप्टेंबर २००६ नंतर दहा वर्षांवर जगले, २० जानेवारी २०१७ ला गेले. बायको, मुलगी, दोन मुलगे एका संध्याकाळी गेलेला माणूस. त्यांना आपण व्यासपीठांवर बोलावलं. त्यांच्या घरी रात्री जेवायला, नुसतं जेवायला, किती गेलो?

आणि शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला रमाबाईनगरात पुतळ्याच्या विटंबनेवर चिडून जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. १५ जुलैला या शाहिरानं स्वतःचा जीव संपवला. आपण दरवर्षी दहा म्हणतो. मी म्हणतो, दोस्तांनो, दहा की अकरा? गोळी त्याला लागली नव्हती, हे खरं. तुम्ही कुठल्या आकड्यावर मेणबत्ती लावणार ते आपापसात ठरवा, पण वाद न घालता ठरवू नका.

१९७८ नंतरच्या त्या महिन्यांत माय नीट झोपल्याचं मला एकदाच आठवतं. औरंगाबादहून कॉलेजची पाच-सहा पोरं आली होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. वही काढली नाही. जळक्या वाशांचे तुकडे गोळा करून वाड्याच्या तोंडाशी शेकोटी केली, काठ्या घेतल्या आणि पाळीपाळीनं बसली. एकजण वाईट आवाजात गाणी म्हणत होता. तीन रात्री राहिली. त्या तीन रात्री वाड्यातल्या बाया आडव्या झाल्या. माय घोरत होती, मी हसलो होतो ते मला आठवतं. चौथ्या दिवशी त्यांची परीक्षा की काय होती, गेली. त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत.

हा लेख लिहायच्या आधी मी मायला विचारलं, हाताचं लिहू का? तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "लिही. पर माझं नाव घालू नको. आन् मला कुठं बोलवू नको." म्हणून नाव नाही, गावही नाही.

डॉक्टरीणबाईनं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. मायनं एकही घेतली नाही. "झोपले आन् ते आले तर?" मी पुष्कळ समजावलं, अर्धी तरी घे, मी जागतो, मी दारात खाट टाकतो. आठ दिवस टाकलीही. नवव्या दिवशी मलाच डुलकी लागली. डोळे उघडले तर माय माझ्या अंगावर चादर टाकून उशाशी बसलेली.

परवा संध्याकाळी तिनं गाठोडं सोडलं तेव्हा मी जवळ होतो. दाखले, काडेपेटी, मीठ, फोटो. आणि चादरीच्या घडीत ती गोळ्यांची पाकिटं, सगळी, एकही न फोडलेली. मी विचारलं, माय, हे कामून गं यात? तर गाठ मारता मारता म्हणाली, "पळून कुठं चांगल्या जागी पोचलो, तर तिथं घेईन."